‘विचार करू नको’ म्हणून भागत नाही

(मिठबाव येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



नवरा मुंबईला, मासळीचा भाव दुसऱ्याच्या हातात, घरात रोजचा पाणउतारा. अशा बाईची झोप उडते, ठेवलेली वस्तू आठवत नाही, कशातच जीव रमत नाही. आपण म्हणतो, ‘विचार करू नको.’ कोणी देवाला गाऱ्हाणं घालतं. वर्षं निघून जातात.

या काळात शरीरात काय होतं? ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. संकट टळलं की उतरतं. पण संकट घरातच मुक्कामाला असेल तर? त्याचा मारा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसवर होतो. समुद्रघोड्यासारखा दिसणारा हा भाग आठवणी साठवायला मदत करतो. दीर्घ ताणाने इथल्या पेशींच्या फांद्या आखडतात, असं प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलं आहे.

अमेरिकेत इव्हेट शेलिन यांनी वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या २४ स्त्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यात हा भाग लहान आढळला. त्याचा संबंध वयाशी नव्हता, नैराश्यात काढलेल्या दिवसांशी होता. २००३ मध्ये ३८ स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं, की औषधाविना गेलेले दिवस जितके जास्त, तितका हा भाग लहान. अभ्यास छोटे आहेत, पण उशीर करू नये एवढं त्यातून नक्की कळतं. आणि ताण हटल्यावर प्राण्यांमध्ये त्या फांद्या पुन्हा वाढतात. तेव्हा हे कपाळी लिहिलेलं नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. ‘वेडी’ ठरवून बाईला माहेरी धाडणाऱ्यांच्या हाती हे शास्त्र देऊ नका. तिच्या मेंदूत बिघाड काय, असं विचारणाऱ्याला आपण विचारायचं: तिला इतकी वर्षं ताणात कोणी ठेवलं?

गोळी घ्यायची आणि मारही खायचा, हा उपचार नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो. औषध आणि संरक्षण, दोन्ही एकदम मागा.

यापुढे कुणाच्या घरी गेलात तर विचारा: झोप लागते का? कधीपासून नाही? दोन आठवडे उलटले असतील तर तिच्यासोबत डॉक्टरकडे जा, किंवा तिच्याजवळ बसून टेलीमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा. तिला एकटीला पाठवू नका.