चंडिकेचा मुखवटा



मे महिन्याची दुपार, घरघरणारा कूलर आणि आठ आणे रोजाने आणलेली राज कॉमिक्स आठवतात? नागराज आला १९८६ साली, सुपर कमांडो ध्रुव १९८७ साली. नागराजचे सुरुवातीचे अंक पुण्याच्या प्रताप मुळीकांनी चितारले होते, हे मला फार उशिरा कळलं.

माझा लाडका ध्रुव. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही. सर्कशीतल्या कसरती, विज्ञान आणि डोकं एवढंच भांडवल. जुने अंक हल्ली पुन्हा छापून येतात, ते यंदा लेकीबरोबर वाचले. चित्रं अजून जिवंत आहेत, संवाद मात्र लांबलचक वाटले. ध्रुवची बहीण श्वेता स्वतः यंत्रं बनवते, चंडिका होऊन लढते. पण भावापासूनसुद्धा लपून.

लेकीनं विचारलं, “आई, तिनं लपवायचं कशाला?”

मला उत्तर सुचेना. गणिताच्या तासाला उत्तर येत असूनही मी हात वर करत नव्हते. दहावीत बाईंनी मला फळ्यापाशी बोलावून खडू हातात दिला. इंजिनीअर होण्याची हिंमत तिथूनच आली.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. उशीर झाला, पण हा बघा, हात वर केला.