उष्णतेचा व्यय आणि एंट्रॉपी
(व्याख्यानाचा मजकूर)

चुलीवरून उतरविलेले पाणी तासा-दोन तासांत निवते आणि 'उष्णता वाया गेली' असे आपण सहज म्हणतो. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हे विधान अर्धेच खरे आहे. पाण्याने सोडलेली उष्णता नष्ट होत नाही. ती हवेत, भांड्यात, भिंतींत पसरते आणि तिचा नीट हिशेब मांडला तर एक जूलही कमी भरत नाही. ऊष्मागतिकीचा पहिला नियम तो हाच. मग वाया गेले ते काय? याचे उत्तर दुसऱ्या नियमात आहे आणि इंधनाच्या काटकसरीविषयी बोलताना बहुधा त्याचेच विस्मरण होते.

या विचाराचा उगम फ्रान्समध्ये झाला. सादी कार्नो या तरुण अभियंत्याने 1824 साली वाफेच्या यंत्रांची मीमांसा करणारे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. उष्णतेपासून काम मिळवावयाचे तर ती उष्ण स्थानाकडून शीत स्थानाकडे वाहिली पाहिजे आणि मिळणाऱ्या कामाची कमाल मर्यादा या दोन तापमानांवरच अवलंबून असते, हा त्याचा सिद्धांत. धबधब्याच्या पाण्याप्रमाणे उष्णतेलाही 'पडण्यास' उंची लागते, असे म्हणता येईल. उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे, ही त्या काळची चुकीची समजूत त्याच्या विवेचनाच्या मुळाशी होती, तरीही निष्कर्ष मात्र अचूक निघाला. विज्ञानाच्या इतिहासात असे भाग्य विरळा. पुस्तकाची दखल फारशी कोणी घेतली नाही आणि 1832 मध्ये, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी, कार्नो पटकीने मरण पावला.

पुढे जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस याने या विचाराला गणिती रूप दिले आणि 1865 साली 'एंट्रॉपी' हा शब्द घडविला. 'परिवर्तन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, पण 'एनर्जी' या शब्दाशी नाते दिसावे अशा बेताने तो योजलेला आहे. एखाद्या पदार्थास मिळालेली उष्णता भागिले त्याचे निरपेक्ष तापमान, हे या राशीचे साधे माप. तीच उष्णता शीत पदार्थाला मिळाली तर भाजक लहान असल्याने भागाकार मोठा येतो. म्हणून उष्णाकडून शीताकडे उष्णता गेली की एकाची एंट्रॉपी घटते त्यापेक्षा दुसऱ्याची अधिक वाढते. ही निव्वळ वाढ म्हणजेच प्रक्रिया न उलटण्याची खूण होय.

आकड्यांनी पाहू. 80 अंश सेल्सिअसचे एक किलो पाणी 20 अंशांच्या एक किलो पाण्यात ओतले की 50 अंशांचे दोन किलो पाणी तयार होते. उष्णता जेवढीच्या तेवढीच राहिली. एंट्रॉपी मात्र केल्व्हिनमागे सुमारे 36 जूल वाढली. या वाढीला सभोवतालच्या निरपेक्ष तापमानाने, म्हणजे 293 ने, गुणले की हुकलेल्या कामाचे माप मिळते. ते सुमारे 10,600 जूल भरते. ओतण्याऐवजी या दोन पाण्यांमध्ये एखादे आदर्श यंत्र चालविले असते, तर एवढ्या कामाने एक टन वजन एक मीटर उंच उचलता आले असते. ओतून झाल्यावर ती संधी संपली. कोमट पाण्याचे पुन्हा गरम व गार असे दोन भाग करावयाचे तर बाहेरून काम पुरवावे लागते.

औष्णिक वीज केंद्राकडे या दृष्टीने पाहिले की रूढ समज उलटा होतो. कोळशातील उष्णतेचा जवळजवळ निम्मा भाग कंडेन्सरमधून थंड पाण्याबरोबर निघून जातो. शीतक मनोऱ्यावरील वाफेचे ढग पाहून 'येथे सारी नासाडी होते' असे कोणालाही वाटावे. परंतु ती उष्णता 40 अंशांच्या आसपासची असते. बाहेरची हवा 30 अंशांची असेल तर तिच्यातून आदर्श यंत्रही शंभरात जेमतेम तीन भाग काम काढू शकेल. खरी हानी आधीच, बॉयलरमध्ये, होऊन गेलेली असते. तेथील ज्वालेचे तापमान 1,500 अंशांच्या घरात आणि वाफेचे साधारणतः 540 अंशांच्या आसपास. शीत बाजू 40 अंशांची धरली तर कार्नोच्या सूत्राप्रमाणे ज्वालेच्या उष्णतेतून शंभरात सुमारे 82 भाग काम निघू शकते, वाफेच्या उष्णतेतून सुमारे 61. मधले वीस-एकवीस भाग, उष्णतेचा एक कणही न सांडता, नळ्यांच्या भिंतींतून जाताना गमावले जातात. अधिक तापमान सोसणाऱ्या पोलादासाठी चाललेल्या खटाटोपाचे रहस्य यातच आहे. ज्वलनाची क्रियाही न उलटणारी. तिची हानी याहून निराळी.

बेळगाव-कोल्हापूरकडील साखर कारखान्यांत हे तत्त्व व्यवहारात दिसते. उसाचा रस आटविण्यास सव्वाशे अंशांच्या आसपासची वाफ पुरते. तेवढ्यासाठी बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून मिळालेली प्रखर उष्णता थेट वापरणे ही उधळपट्टीच. म्हणून उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाइनमधून नेऊन वीज काढतात आणि बाहेर पडणारी वाफ रसाकडे वळवितात. गळिताच्या हंगामात उरलेली वीज विकणारे कारखाने आज अनेक आहेत.

घरातील विजेच्या गीझरची गोष्ट नेमकी उलट आहे. विजेची जवळजवळ सर्व उष्णता पाण्यात उतरते, म्हणून तो अत्यंत कार्यक्षम समजला जातो. प्रत्यक्षात केंद्रात तीन भाग उष्णता खर्चून मिळविलेला एक भाग वीज, जी संपूर्णपणे कामात रूपांतरित होऊ शकते, ती 45 अंशांच्या पाण्यात मुरवली जाते. आणि त्या पाण्यातून शंभरात सुमारे तीन भागांहून अधिक काम कोणालाच परत मिळवता येणार नाही. आंघोळीचे पाणी छपरावरील सौर तापकाने तापते, तेव्हा ही उतरंड मुळातच टळते. जेथे वीजच वापरणे भाग आहे, तेथे उष्णता-पंप बाहेरच्या हवेतील उष्णता उपसून पाण्यात आणतो आणि एका युनिटात दोन-तीन युनिटांइतके पाणी तापवितो.