पहिला हात कोणावर?

(आरोग्यसेवेच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी केलेले भाषण)



बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलेली प्लायवूडची पेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एका आजोबांनी मला विचारले, "डॉक्टर, मधमाश्या पाळायला लागलात की काय?" नाही आजोबा, ते आमचे पोट आहे! दुर्बिणीने पोट तपासायला शिकणारे आमचे नवे डॉक्टर पहिला हात या पेटीवर चालवतात. ती का करावी लागली, तेवढेच आज सांगतो.

मी ही तपासणी शिकलो ती एका मोठ्या शहरात. वरिष्ठांनी दोन-तीन रुग्ण करून दाखवले आणि दुर्बीण माझ्या हाती दिली. समोर गावाकडून आलेले एक मजूर बाबा कुशीवर झोपले होते. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या खोलीत आम्हा शिकाऊंना प्रवेश नव्हता. आम्ही शिकायचो ते फुकट वॉर्डात. तीन वेळा माझी नळी बाबांच्या घशाला अडून परत आली. त्यांना उबळ येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होते. शेवटी वरिष्ठांनी दुर्बीण घेतली आणि अर्ध्या मिनिटात खाली नेली. नंतर तोंड पुसत बाबा म्हणाले, "साहेब, आज पहिलाच दिवस का?" ते रागावले असते तर बरे वाटले असते.

हे काम नव्या माणसाला अवघड का जाते? दुर्बीण म्हणजे सुमारे एक मीटर लांब, करंगळीएवढी जाड, लवचीक नळी. तिच्या मुठीवर दोन चाके असतात. मोठ्या चाकाने टोक वर-खाली वळते, लहान चाकाने डावी-उजवीकडे. ही चाके डाव्या हाताच्या अंगठ्याने फिरवायची, त्याच हाताच्या बोटांनी हवा, पाणी आणि शोषणाची बटणे दाबायची आणि उजव्या हाताने नळी पुढे सरकवत पिळायची. शिवाय डोळे हाताकडे नाहीत, पडद्याकडे! सायकलसारखेच हे, पुस्तक वाचून येत नाही, हाताला वळण लागावे लागते. प्रश्न एवढाच, की ते वळण कोणाच्या घशात लावायचे?

१९५७ साली अमेरिकेत डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची पहिली लवचीक दुर्बीण वापरली, तेव्हा ती आधी स्वतःच्या घशात घातली. रुग्णाची पाळी त्यानंतर आली. हा धडा मला फार मोलाचा वाटतो. पुढे १९७४ च्या सुमारास जर्मनीत शिकाऊंसाठी कृत्रिम पुतळा तयार झाला. १९९० च्या दशकात तिथल्याच अर्लांगेन शहरात डुकराच्या जठरावर रक्तस्राव थांबवण्याचा सराव सुरू झाला, कारण डुकराचे जठर आपल्यासारखे एककप्पी असते. आता संगणकावर चालणारी यंत्रेही निघाली आहेत. ती चांगली आहेत, पण त्यांची किंमत लाखांत आहे. तेवढ्या पैशांत आपण दुसरी दुर्बीण घेऊ.

म्हणून आमच्या सुतारदादांनी पेटी केली. अन्ननलिका म्हणून वॉशिंग मशीनचे पाणी सोडायचा वळ्यावळ्यांचा पाइप बसवला. जठर म्हणून मुलांनी फोडलेला एक फुटबॉल घेतला. त्याच्या आत एक ते सहा आकडे चिकटवले आणि तळाशी एक रुपयाचे नाणे टाकले. आमची एक जुनी दुर्बीण गळतीच्या चाचणीत बाद झाली होती. ती रुग्णांसाठी वापरता येत नाही, पण कोरड्या पेटीत छान चालते. सारा खर्च दोन हजारांच्या आत झाला.

सराव असा: सहाही आकडे क्रमाने शोधायचे. त्यातला सहावा मुद्दाम प्रवेशद्वाराच्या कडेला लावला आहे. टोक उलटे वळवून मागे पाहिल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि खऱ्या जठरातला तो भागही असाच नजरेतून सुटतो. मग चिमट्याने नाणे पकडून बाहेर आणायचे. सिस्टर घड्याळ लावतात आणि टोक किती वेळा भिंतीवर आपटले ते मोजतात. पहिल्या दिवशी आमच्या एका तरुण डॉक्टरांना आकडे शोधायला वीस मिनिटे लागली आणि सहावा सापडलाच नाही. तीन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास बसल्यावर तेच काम चार मिनिटांत होऊ लागले.

नाणे हा खेळ नव्हे. नाणे गिळलेली मुले आमच्याकडे येतात. अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊन अल्सर झालेले, दारूने यकृत खराब होऊन अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटलेले रुग्ण रक्ताच्या उलट्या करत येतात. अशा रुग्णाची तपासणी २४ तासांच्या आत व्हावी, असे मानले जाते. शिरा फुटल्याची शंका असेल तर त्याहूनही लवकर. आपल्या पाड्यांवरून झोळीत घालून आणलेल्या माणसाचे निम्मे तास वाटेतच जातात. त्याला पुन्हा घाट उतरून शहरात पाठवायचे नसेल, तर इथे एकाहून अधिक हात तयार हवेत.

पेटीचे गुण सांगितले, तशी उणीवही सांगतो. फुटबॉलला उबळ येत नाही, तो श्वास घेत नाही, घाबरत नाही. २०१८ साली संगणकी सरावावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष असाच होता: सराव सुरुवातीला मदत करतो, पण अनुभवी शिक्षकाजवळ उभे राहून शिकण्याची जागा घेत नाही. म्हणून पेटीत पास झालेला डॉक्टर आधी फक्त पाहतो, मग मी आत नेलेली दुर्बीण हळूहळू बाहेर काढतो आणि त्यानंतर माझ्या देखरेखीत स्वतः घालतो. रुग्णाला आम्ही आधी त्याच्या बोलीत सांगतो, की हे डॉक्टर शिकत आहेत, मी शेजारी आहे, नको असेल तर नको म्हणा. काही जण नको म्हणतात. मग मी करतो.

गेल्या महिन्यात त्याच तरुण डॉक्टरांनी एका आजींची तपासणी पहिल्यांदा स्वतः पूर्ण केली. नळी पहिल्याच प्रयत्नात उतरली. आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "झालं पण?"

मला शहरातले ते बाबा आठवले. त्यांची माफी मागायची राहून गेली आहे. ती पेटी म्हणजे माझी माफी समजा.

जाताना पेटीपाशी जरूर थांबा. मुलांनाही चाके फिरवू द्या. सहावा आकडा सापडला तर मला सांगा. आणि घरी फुटलेला फुटबॉल असेल तर टाकू नका. आमचे जठर आता बरेच झिजले आहे.