द्राक्षांचा थंड प्रवास

निफाड-दिंडोरीची द्राक्षं न्हावा शेव्याहून जहाजानं युरोपात जातात. वाटेत काही आठवडे मोडतात. वेलीवरून उतरलेलं द्राक्ष नंतर पिकत नाही, गोडही होत नाही. ते नुसतं पाणी गमावतं आणि आधी देठ तपकिरी पडतो. म्हणून तोडणी सकाळच्या गारव्यात उरकायची आणि माल लगेच पॅकहाऊसला न्यायचा.

सगळ्यात मोलाचं काम प्री-कूलिंगचं. रीफर, म्हणजे शीत कंटेनर, थंड माल थंड ठेवतो. गरम माल झटपट गार करण्याची ताकद त्याच्या यंत्रात नसते. त्यामुळे पेट्यांतून जोरानं गार हवा खेचून घडांतली उष्णता आधीच काढतात. मग साठवण 0 ते 1 अंश सेल्सिअसला. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड बुरशीला आवर घालतो.

कंटेनरमध्ये गार हवा तळाच्या खाचांतून वर चढते. पेट्या छतापर्यंत कोंबल्या तर तिची वाटच बुजते, तेव्हा आतली भरणमर्यादेची लाल रेघ ओलांडू नका. बंदराच्या वाटेवर कसारा घाटात गाडी तुंबली तरी कंटेनरचा डिझेल जनरेटर चालूच राहायला हवा. चालकदादा, निघण्याआधी त्याची टाकी तेवढी बघून घ्या.