मूठभर धान्यावर उभं राहिलेलं बोर्डिंग

मी उचगावहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. गटात आपण म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी, दुकानातल्या मालासाठी कर्ज देतो. मुलीच्या वसतिगृहासाठी कुणी कर्ज मागितलं तर? आज त्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी आधी थोडं मागं जायचं आहे.

आपल्या कोल्हापुरात ‘बोर्डिंग’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा चौकात उभं राहिलं की आजूबाजूला बोर्डिंगच्या जुन्या इमारती दिसतात. ही बोर्डिंगं का निघाली? शाळा शहरात होती आणि पोरं खेड्यात. शाळेत नाव घालता येईल, पण रात्री झोपायचं कुठं आणि भाकरी कोण घालणार? नात्यातलं कुणी शहरात नसेल तर शिक्षण तिथंच संपायचं. राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम बोर्डिंग, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजाला महाराजांनी जागा दिली, मदत दिली आणि उभं केलं.

या जैन बोर्डिंगात राहून कोल्हापुरात शिकलेला एक मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांचा जन्म हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, १८८७ सालचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. हाच मुलगा पुढं कर्मवीर अण्णा झाला. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उघडलं. तिथं प्रत्येक जातीचं वेगळं बोर्डिंग नव्हतं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका छपराखाली राहायची, एका पंगतीला जेवायची. १९२७ साली महात्मा गांधी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं.

तिथलं रोजचं जगणं साधं आणि कष्टाचं होतं. नोकरचाकर कुठले? पोरांनीच पाणी आणायचं, झाडलोट करायची, स्वयंपाकाला हात लावायचा, शेतात राबायचं आणि मग अभ्यासाला बसायचं. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे रयतेचं ब्रीद. ज्या पोराच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे, त्याच्या हातची भाकरी इथं सगळे खायचे. हे नुसत्या भाषणानं झालं नसतं. रोज दोन वेळा पंगत बसायची, म्हणून झालं.

पण मैत्रिणींनो, पंगत बसवायला धान्य लागतं. ते कुठून आलं? काही आलं घरोघरच्या मुठीतून. गावातल्या बायका धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायच्या आणि ते गोळा होऊन बोर्डिंगात जायचं. याला मुष्टिफंड म्हणत. आपल्या गटात आपण दुसरं काय करतो? एकटीची मूठ लहान असते. पण सगळ्यांची एकत्र आली की पोतं भरतं.

आणि बाकीचा भार उचलला भाऊरावांच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली. धान्य संपलं की एकेक दागिना मोडला. अंगावरचं सोनं संपत गेलं, आणि एका अडचणीच्या दिवशी मंगळसूत्रही दिलं. पोरं उपाशी राहू दिली नाहीत. १९३० साली, अगदी तरुण वयात, त्या गेल्या. लोक त्यांना रयतमाउली म्हणतात.

एक गोष्ट मात्र मला बोचते. त्या बोर्डिंगात मुलगे शिकत होते. मूठ बाईची, मंगळसूत्र बाईचं, आणि शिकले ते मुलगे. त्यात लक्ष्मीबाईंचा दोष नाही, काळच तसा होता. पण आता काळ बदललाय, तेव्हा मूठ मुलींसाठी उघडायला हवी.

आमच्या एका गटात असा अर्ज आला. बाईची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, बाहेरगावी प्रवेश मिळाला. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारनं माफ केली आहे, त्यात ती बसली. पण राहण्याजेवणाचं काय? शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न! बैठकीत कुणी म्हणालं, “म्हशीचं कर्ज दुधातून फिटतं, हे कशातून फिटणार?” घरचे म्हणत होते, पोरीला इतक्या लांब ठेवायची कशी? तेव्हा गटातल्या एक वयस्कर आक्का बोलल्या, “म्हस आटती, पर शिकल्याली पोर आटत न्हाई.” कर्ज मंजूर झालं. हप्ता लहान ठेवला.

पण भीती खोटी नसते, हेही सांगते. म्हणून पैसे भरायच्या आधी दोघीतिघी जाऊन ते वसतिगृह बघून आल्या. तुम्हीही बघा. संडासला आतून कडी आहे का? रात्री बाई रेक्टर राहते का? पिण्याचं पाणी, जेवण कसं आहे? मुलीला घरी फोन करता येतो का? बस कुठवर येते? तिथल्या मुलींशी एकट्यानं बोला, त्या खरं सांगतात.

कर्जाआधी सरकारी वाटही बघा. समाजकल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं असतात, तिथं राहणंजेवण मोफत असतं. लहान शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. निकाल लागायची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि मुलीच्या नावाचं बँक खातं आत्ताच तयार ठेवा. दाखल्यापायी प्रवेश हुकलेल्या मुली मी पाहिल्यात.

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटातल्या कुणाच्या मुली दहावी-बारावीला आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. आणि बचतीतली थोडी रक्कम मुलींच्या राहण्याजेवणासाठी वेगळी काढायची का, हा विषय मांडा. मतं वेगळी पडतील, पडू द्या. पण विषय निघू द्या.