तुरुंगाच्या दारांतून आलेली कादंबरी
(व्याख्यान)



कर्ज म्हणजे काय, हें आपल्या घरांना कोणी शिकवावयास नको. म्हणून आज आम्ही कर्जानें पोळलेल्या एका पोराचीच हकीकत आपल्यापुढें मांडतों.

चार्ल्स डिकन्स हा इंग्रज कादंबरीकार 1812 सालीं जन्मला. बाप आरमाराच्या पगार-कचेरींत कारकून. पण मिळकत थोडी, खर्च फार. 1824 सालीं, 12 वर्षें पुरीं होतांच, पोराला लंडनांत बुटाच्या काळ्या पॉलिशाच्या कारखान्यांत धाडलें. थोड्याच दिवसांत एका पाववाल्याचे सुमारें 40 पौंड थकले म्हणून बाप मार्शलसीच्या तुरुंगांत पडला. आई धाकटीं मुलें घेऊन तेथेंच राहावयास गेली.

कारखाना म्हणजे थेम्स नदीकांठचें पडकें घर, उंदरांचा सुळसुळाट. दिवसभर पॉलिशाच्या बरण्यांचीं तोंडें कागदानें बांधावयाचीं, वर चिठ्ठी चिकटवावयाची. मजुरी आठवड्याला 6-7 शिलिंग.

कांहीं महिन्यांनीं बाप सुटला. तरी पोरानें कामावरच जावें, असें आईचें मत पडलें. बापानें मात्र त्याला शाळेंत घातलें. आईचें तें मत डिकन्स जन्मभर विसरला नाहीं. ही हकीकत त्यानें पोटच्या मुलांनाही सांगितली नाहीं. जॉन फॉर्स्टर ह्या मित्राला तेवढी सांगितली. 1870 सालीं डिकन्स वारल्यावर ती जगाला कळली.

जें तोंडानें सांगवलें नाहीं, तें लेखणींतून उतरलें. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला पोरका मुलगा वखारींत बाटल्या धुतो. ‘लिटल डॉरिट’ची नायिका तर मार्शलसींतच जन्मते. पण कल्पना म्हणजे नुसता आरसा नव्हे. कारखान्यांत बॉब फॅगिन नांवाच्या पोरानें डिकन्सला काम शिकविलें. कूस दुखली तेव्हां गरम पाण्याच्या बाटल्यांनीं शेकली. त्याच भल्या पोराचें नांव ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्यें मुलांना चोरी शिकविणाऱ्या म्हाताऱ्याला दिलें! आम्हांस वाटतें, ह्या सोबतींतच आपला जन्म जाईल, हें त्या वेळचें भय त्या नांवाला चिकटून राहिलें असावें.

कोणी म्हणेल, दुःखानेंच लेखक घडतो. आम्हांस हें मान्य नाहीं. दुःख बॉब फॅगिनलाही होतेंच. पण त्याची कादंबरी कोठें आहे? डिकन्सनें लहानपणीं बापाचीं पुस्तकें वाचलीं होतीं, आणि कारखान्यांतून तो पुन्हां शाळेंत गेला. दुःखानें त्याला विषय दिला. अक्षरानें वाचा दिली. वाचा नसेल, तर दुःख माणसाबरोबरच मातींत जातें.

मायबापहो, अडचणीच्या वर्षीं पोराची शाळा तोडून त्याला कामाला जुंपण्याचा विचार मनांत येतो. तो आला, म्हणजे ह्या दोन पोरांची आठवण ठेवा. पोराला आपले कष्ट पाहूं द्या, कर्जाची गोष्टही त्याच्यापासून झांकूं नका. पण पाटी त्याच्या हातांतून काढूं नका. आपल्या घरची हकीकत लिहावयास दुसरा कोण येणार आहे?