पाहुणे, काजवे आणि यहेज्केलचं पाणी



ख्रिस्ती माणसाला ‘बायबलमधली भविष्यं’ हा विषय दिला की श्रोते दोनच गोष्टींची वाट बघतात : जगबुडीची तारीख, नाहीतर धर्मांतराचं आवाहन. आज दोन्ही मिळणार नाही. मी शेंडीत राहतो, भंडारदरा धरणालगत. आमच्याकडे पाहुण्यांची ऊठबस फार. मला जे काही कळलंय ते त्या ऊठबशीतूनच.

गेल्या जूनच्या सुरुवातीला संगमनेरचे दोन वर्गमित्र सहकुटुंब काजवे बघायला आले. हा हंगाम मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंतचा. रात्री हिरडा, बेहडा, ऐन अशी झाडं एका लयीत पेटतात आणि विझतात. पण दिवस मावळायला अवकाश होता. आमची ही नागलीच्या भाकरी थापत होती, मी काळभात निवडत बसलो होतो. तेवढ्यात एका मित्रानं पिशवीतून वही काढली. दानीएलचे सत्तर आठवडे, एक दिवस म्हणजे एक वर्ष, अमुक राजापासून मोजायचं, त्यात ही लढाई, तो भूकंप... बेरीज आली की जगाचा शेवट ठरला!

मी त्याला विल्यम मिलरची हकिकत सांगितली. अमेरिकेतला साधा शेतकरी. दानीएलच्या २३०० दिवसांची त्यानं २३०० वर्षं केली. शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. हजारो माणसं आभाळाकडे डोळे लावून बसली. काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. तारीख आली आणि गेली.

तव्यावरची भाकरी उलथत ही म्हणाली, “मग दुसऱ्या दिवशी खाल्लं काय त्यांनी?”

या प्रश्नाला वहीत उत्तर नव्हतं.

मला स्वतःला हिशेबापेक्षा बायबलमधली घरं जास्त बोलकी वाटतात. भर दुपारी अब्राहामाच्या तंबूपुढे तीन अनोळखी माणसं उभी राहतात. तो धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, सारेला पीठ मळायला सांगतो. भविष्य उच्चारलं जातं ते जेवणानंतर : पुढच्या वर्षी या वेळी तुला मुलगा होईल. दाराआड म्हातारी सारा हसते. त्या मुलाचं नावच इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. शूनेमची बाई अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधते. आत खाट, मेज, खुर्ची, दिवा. आमच्या गावातल्या होमस्टेत याहून वेगळं काय असतं? (मोबाईल चार्ज करायला जागा लागते, ती सोडा.) तिलाही मुलाचं वचन मिळतं ते पाहुणचारानंतर.

मराठी बायबलात ‘संदेष्टा’ असा शब्द आहे. संदेश आणणारा. आपण त्याला उगाच ज्योतिषाच्या पाटावर बसवतो. योना निनवेत जाऊन ओरडला, चाळीस दिवसांत शहर उलथणार. लोक सुधारले, शहर वाचलं. भाकीत खोटं ठरलं म्हणून रुसून बसला तो एकटा योना! आमच्या मित्राची वहीसुद्धा थोडी रुसकीच आहे, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो हसला, पण वही मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं दगडी देऊळ, शेजारी पुष्करणी, मागे रतनगड. त्याच डोंगरातून प्रवरा निघते. पोरं धरणाच्या फुगवट्यात उतरली. आधी घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. कमरेला लागलं तशी ही काठावरून ओरडली. तेव्हा वहीवाला मित्र हळूच म्हणाला, “यहेज्केल, सत्तेचाळीस.”

यहेज्केल संदेष्ट्याच्या त्या अध्यायात मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं. हजार हातांवर घोट्याइतकं, आणखी हजारांवर गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं, मग पोहल्याशिवाय गत्यंतर नाही अशी नदी. ती जाईल तिथे मासे, फळझाडं, जीव. पण पुढची ओळ सहसा वाचली जात नाही : दलदलीच्या जागा सुधारत नाहीत, त्या खाऱ्याच राहतात.

आमचं धरण १९२६ साली पुरं झालं. गव्हर्नर विल्सनचं नाव त्याला मिळालं, जलाशयाला ‘आर्थर लेक’ म्हटलं गेलं. साठा अकरा टीएमसी. ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा-उजवा कालवा निघतो आणि खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे ऊस उभा राहतो. त्याच कालव्यांखाली पाणी मुरून मुरून कितीतरी जमिनी खारवट, चोपण झाल्या. आणि वर, जिथे पाऊस कोसळतो तिथल्या वाड्यांतल्या बाया मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. ‘धरण उशाला आन् कोरड घशाला’, ही म्हण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. यहेज्केलला भंडारदरा ठाऊक नव्हता. पण पाणी कुठवर पोचलं आणि कुठे खार उरला, हे बघायची दृष्टी त्याला होती. भविष्य वाचायचं तर मी असं वाचतो.

रात्री काजवे दिसले. मित्रानं टॉर्च लावला, तसं झाडाखालच्या पोरांनीच त्याला झापलं.

मंडळी, तुम्हीही या. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, टॉर्च घरी ठेवा. फक्त येण्याची तारीख आधी कळवा, कारण त्या दिवसांत आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं.